सुतार विरुद्ध पाण्याची टाकी

मामंजी, गेल्या बारा दिवसांत आपल्याकडे भेटायला आलेल्या जवळजवळ प्रत्येकानं जाताना एकच वाक्य म्हटलं. बरं झालं, त्यांना शेवटपर्यंत काही कळलं नाही. बरकतपुऱ्यातले शेजारी म्हणाले, तुमच्या ऑफिसातले जुने सोबती म्हणाले, अंबरपेठच्या आत्याबाई तर दोनदा म्हणाल्या. आई मान हलवतात, तुमचा मिलिंद मान हलवतो, आणि त्यांच्यामागे चहाचा ट्रे घेऊन उभी असलेली मी, तुमची सून, मीही मान हलवते.

तुम्हाला कळलं होतं. आणि ते माझ्यामुळे कळलं. कुणाला सांगू नकोस असं तुम्ही म्हणालात, म्हणून आजवर तोंड मिटून आहे. पण उद्या तेरावा. उद्यानंतर माणसं यायची थांबतील, सतरंज्या गुंडाळल्या जातील आणि ते वाक्य या घरात खरं म्हणून कायमचं राहून जाईल. मला ते सोसत नाहीये. आईंना सांगावं की नाही, हे मला ठरवायचंय, आणि असलं काही ठरवायचं असलं की इतकी वर्षं मी तुमच्याशी भांडून ठरवत आले. म्हणून हे तुम्हालाच लिहिते आहे. वाचणारं दुसरं कुणी तसंही नाही. तुमची नात मराठी अजून अक्षर लावून लावून वाचते, ती पहिल्या पानाच्या पुढे जायची नाही.

एकवीस वर्षांपूर्वी नांदेडहून लग्न होऊन मी इथं आले, तेव्हा माझ्या आईनं बजावून पाठवलं होतं. सासरे कडक आहेत, समोर बसू नकोस, विचारल्याशिवाय बोलू नकोस. तिनं काही वाढवून सांगितलं नव्हतं. तुम्ही सगळी नोकरी भूमापन खात्यात काढलीत आणि घरातही हद्दी आखून ठेवल्या होत्यात. मिलिंदनं काय शिकायचं, पंखा कितीवर ठेवायचा, पाहुण्यांना कुठल्या खोलीत बसवायचं, सगळं तुमच्याकडून मंजूर होऊन यायचं. पहिले सहा महिने मी तुमच्याशी 'हो मामंजी' आणि 'आणते मामंजी' यापलीकडे काही बोलल्याचं मला आठवत नाही. शाळेत चाळीस पोरांना एका आवाजात गप्प करणारी मी, घरी आले की माझा आवाज चपलांबरोबर दारातच राहायचा.

मग तो रविवार आला. आबिड्सच्या फुटपाथवरून आणलेली एक व्हीसीडी तुम्ही लावली होती. काळ्यापांढऱ्या काळातली हेवीवेट बॉक्सिंगची लढत. मिलिंद पेपरमागे लपला होता आणि तुम्ही पेपराशीच बोलत होता. हल्लीचे हेवीवेट म्हणजे नुसते मांसाचे डोंगर, यातला कुठलाही जुना माणूस त्यांना पाच फेऱ्यांत झोपवेल, असं तुमचं चाललं होतं. मी उप्पीट घेऊन आले होते. माझ्या तोंडून निघून गेलं की मामंजी, आजचा माणूस पस्तीस किलोनं जड आहे आणि त्याचा हात चांगला वीतभर लांब आहे, मग जुन्याचा ठोसा त्याच्यापर्यंत पोचणार कसा? काय करणार, मी फिजिक्स शिकवते. चुकीचं विधान ऐकलं की माझा हात आपसूक खडूकडे जातो.

स्वयंपाकघरातला झाऱ्याचा आवाज थांबला. मिलिंदनं पेपर खाली केला आणि माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी कुणाच्या तरी अंगावर उकळतं तेल सांडलंय. तुम्ही टीव्ही बंद केलात. माझ्याकडे वळलात आणि म्हणालात, "खुर्ची घे. बस. आता सांग." मी तुमच्यासमोर पहिल्यांदा बसले ती अशी. उप्पीट गार झालं आणि ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

त्या बॉक्सरांची खरी नावं आपल्या घरात कधी घेतली गेली नाहीत. नावावरून काय कळतं, असं तुम्ही म्हणायचा, माणूस काम कसं करतो त्यावरून त्याला हाक मारावी. तुमचा लाडका जुना बॉक्सर होता सुतार. बुटका, जाड मानेचा, डोकं खाली घालून आत शिरायचा आणि समोरच्याच्या बरगड्यांवर ठाक ठाक काम करत राहायचा, थांबायचा नाही. माझ्या वाट्याला आला आजच्या काळातला एक अवाढव्य माणूस. तो पडद्यावर पहिल्यांदा आला तेव्हा तुम्ही म्हणालात, हा बॉक्सर आहे की कॉलनीतली पाण्याची टाकी. नाव पडलं ते पडलंच. एकवीस वर्षं आपण एकच लढत लढवली, जी कधी झाली नाही आणि होणार नव्हती. सुतार विरुद्ध पाण्याची टाकी.

स्टुलाचा प्रसंग आईंनी माफ केला नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. लांब हाताच्या आत कसं शिरायचं ते तुम्हाला दाखवायचं होतं. टाकी व्हायला कुणीतरी उंच हवं होतं, म्हणून मला स्टुलावर चढवलंत, हात सरळ पुढे धरायला सांगितलंत, स्वतःच्या मुठीला पंचा गुंडाळलात आणि गुडघ्यांत वाकून झुलत झुलत माझ्या हाताखालून आत येऊ लागलात. मी जॅब, म्हणजे सरळ पुढचा ठोसा, मारायचा होता. मी तो मारला आणि तो तुमच्या कपाळावर बसला. त्याच क्षणी आई बाहेर आल्या. सून स्टुलावर उभी आहे, तिची मूठ सासऱ्याच्या कपाळावर आहे आणि सासरे खूश होऊन म्हणताहेत, बरोबर, पण आता मी आत आलोय. आईंनी त्या दिवशी दोघांशीही बोलणं टाकलं. तुम्ही मात्र संध्याकाळपर्यंत कपाळ चोळत म्हणत होता की जॅब चांगला होता, पण त्यामागं खांदा नव्हता.

तुमचे नियम होते. 'असं वाटतं' म्हणायचं नाही. फेरी सांगायची, हात सांगायचा, उजवा की डावा ते सांगायचं. समोरच्याचा मुद्दा पटला तर तेवढा मुद्दा कबूल करायचा आणि पुढे लढायचं. तुम्ही कबूल केलंत की जुनी फिल्म वेगानं पळते, म्हणून सुतार आहे त्यापेक्षा चपळ दिसतो. हे कबूल करायला तुम्ही पुरता एक उन्हाळा घेतलात. मी कबूल केलं की पंधरा फेऱ्यांची लढत आणि बारा फेऱ्यांची लढत ही दोन वेगळी कामं आहेत, आणि जुने लोक जितक्या वेळा रिंगमध्ये उतरायचे तितक्या वेळा आजचा चॅम्पियन उतरत नाही. पण निकालावर ना तुम्ही हटलात ना मी. कुणाच्या काळाचे नियम लावायचे इथंच आपली गाडी अडायची. पंधरा फेऱ्या लावल्या तर तुम्ही जिंकायचा, बारा लावल्या तर मी.

मी तुमची एक दुखरी जागा शोधून काढली होती आणि ती मी सोडली नाही. पंधरा फेऱ्यांची महती गाणारे तुम्ही स्वतः तीन फेऱ्यांच्या पुढे कधी खेळला नव्हता. तुमच्या तरुणपणी या शहरात हौशी हेवीवेट म्हणजे दोनच माणसं, एक तुम्ही आणि दुसरे अफझलगंजचे दोर आणि ताडपत्रीवाले शब्बीरभाई. त्यामुळे दोघंही दरवर्षी थेट फायनलमध्ये. मी विचारायची की मामंजी, सेमीफायनलला कोण होतं? तुम्ही म्हणायचा, आम्हाला बघून कुणी नाव द्यायचं नाही. सात वर्षांत चारदा शब्बीरभाई जिंकले, तीनदा तुम्ही. ते घरी आले की म्हणायचे, "तुम्हारे सुसरेका राइट हात लगा तो तीन दिन रोटी चबाना मुश्किल था बेटी." आणि तुम्ही त्यांना पुन्हा पुन्हा चहा घ्यायला लावायचा, म्हणजे ते पुन्हा सांगतील.

एकदाच आपलं खरं भांडण झालं. तुम्ही म्हणालात की सगळं विज्ञान मान्य, पण जुन्यांकडे जिगर होती, ती तुझ्या तराजूत मोजता येत नाही. मी म्हटलं, टाकीकडे जिगर नाही हे कुणी सांगितलं? तोही मार खाऊन उठतोच की. जिगर काय तुमच्याच पिढीला वाटून संपली? तुम्ही उठून आत गेलात आणि दोन दिवस माझ्याशी बोलला नाहीत. तिसऱ्या दिवशी शाळेत जाताना मला दारात अडवून म्हणालात की दोघांना समान जिगर धरू, आता पुढे बोल. त्या दोन दिवसांत मला कळलं होतं की तुम्ही सुताराची बाजू घेत नव्हता. ऑफिसात कॉम्प्युटर आले, तुमचे हातानं काढलेले नकाशे गठ्ठे बांधून तळघरात गेले, नवी पोरं तुम्हाला अंकल म्हणू लागली, त्या सगळ्याशी तुम्ही रविवारी सकाळी लढत होता. मला हे कळलं आणि तरीही मी हरले नाही. हरले असते तर तुम्ही मला उभं केलं नसतं.

एक गोष्ट तुम्हाला कधी सांगितली नाही, ती आता सांगते. मुलगी झाल्यावर माझी नोकरी सोडायचं घरात ठरत आलं होतं. मिलिंद गप्प होता, आईंना नातीची काळजी होती, तुमचा निर्णय व्हायचा होता. मी तुमच्यासमोर येऊन खुर्ची घेतली. कुणी घे म्हटलं नव्हतं. तुम्ही चष्मा काढलात आणि म्हणालात, मुद्दा मांड. मी तासभर मुद्दे मांडले आणि शेवटी तुम्ही हात वर केलात. सुतार आणि टाकी नसते तर ती खुर्ची मला घेता आली नसती, मामंजी. या घरात मला आवाज मिळाला तो बॉक्सिंगमुळे. माझ्या माहेरी हे सांगितलं तर कुणी विश्वास ठेवणार नाही.

आता त्या दुपारपाशी यायलाच हवं.

भाद्रपदात डॉक्टरांनी मिलिंदला आत बोलावून सांगितलं की स्वादुपिंडाचं दुखणं आहे, फार पसरलंय, हातात महिना असेल किंवा नसेल. मिलिंद बाहेर आला आणि त्यानं ठरवून टाकलं की बाबांना सांगायचं नाही. लिव्हरला सूज आहे, पथ्य पाळलं की उतरेल, असं सांगायचं. आई रडून मोकळ्या झाल्या आणि हो म्हणाल्या. मी म्हटलं की त्यांना विचारल्याशिवाय आपण कसं ठरवतो? पण मिलिंदचा चेहरा मला बघवला नाही. आयुष्यात पहिल्यांदा तो तुमच्याबद्दल काही ठरवत होता. मी पण हो म्हटलं.

तुमचा पलंग पुढच्या खोलीत खिडकीशी हलवला. त्या दुपारी आई जरा आडव्या झाल्या होत्या आणि मी तुम्हाला नाचणीची जावा भरवत होते, ती पातळ पेजेसारखी, तेवढीच तुमच्या पोटात राहायची. तुमचं घड्याळ मनगटावरून घसरून कोपराशी गेलं होतं. तुम्ही दोन घास घेतलेत आणि नेहमीचं सुरू केलंत. समज पंधरा फेऱ्या आहेत. टाकी तेराव्या फेरीत गळपटते. पाय उचलत नाहीत. सुतार आत शिरतो. मग?

यावर माझं उत्तर ठरलेलं होतं. तेरावी फेरी येईलच कशाला? शंभर वेळा दिलेलं उत्तर. पण मी तुमच्या त्या हाताकडे बघत होते. मी म्हटलं, "हो मामंजी. सुतारच जिंकेल. तुमचंच बरोबर होतं."

तुम्ही चमचा माझ्या हातातून काढून वाटीत ठेवलात. मला वाटलं तुम्हाला आनंद होईल, आणि मला तो बघायचा होता, अगदी खरं सांगते, मला एवढंच हवं होतं. तुम्ही खिडकीबाहेर बघत राहिलात. मग अगदी साध्या आवाजात विचारलंत, "डॉक्टर किती दिवस म्हणाले?"

 मी वाटी घेऊन उठायला लागले. तुम्ही म्हणालात, "हिला कळू देऊ नकोस, मला कळलंय म्हणून. मिलिंदलाही. तुला खोटं बोलता येत नाही, मला येतं."

सगळ्या घरानं जपलेलं गुपित मी एका वाक्यात फोडलं, आणि तेही लाडानं. डॉक्टरांच्या चेहऱ्यावरून तुम्हाला कळलं नाही, रिपोर्ट आम्ही लपवले होते, आईंनी तर हसून हसून जबडा दुखवून घेतला होता. मी मात्र एकवीस वर्षांत दिलं नाही ते एका घासाबरोबर देऊन टाकलं, आणि तुम्ही हिशेब लावलात की ही हरते आहे म्हणजे मी संपलो. तुम्ही मला कुणाचा मुलाहिजा न ठेवता मुद्दे मांडायला शिकवलं होतंत आणि मी तुम्हाला म्हातारं समजून सोडून दिलं. याची मला शरम वाटते, मामंजी. दुःखाहून शरम जास्त आहे.

त्यानंतर तुम्ही एकोणीस दिवस होता. त्या एकोणीस दिवसांत बॉक्सिंगचा शब्द माझ्याशी काढला नाहीत. मी दोनदा विषय काढला. टाकीच्या डाव्या हाताबद्दल बोलायला लागले की तुम्ही तळहात वर करायचा आणि म्हणायचा, निकाल लागला. मिलिंदला मात्र रोज सांगायचा की दसऱ्याला जम्मीच्या, म्हणजे शमीच्या, झाडापर्यंत मी चालत येणार, माझी पांढरी पँट इस्त्री करून ठेव. तो बाहेर येऊन मला म्हणायचा, बघ, किती उमेद आहे त्यांना. मी हो म्हणायची. दसऱ्याच्या पाच दिवस आधी तुम्ही गेलात. पँट अजून हँगरला आहे.

आणि त्या दिवसांत तुम्ही आणखी एक केलंत, ते फक्त मला दिसत होतं. रोज दुपारी तुम्ही आईंना जवळ बसवून घेऊ लागलात. पंचावन्न वर्षांच्या संसारात जे कधी केलं नव्हतं ते. त्यांचं बीदरचं माहेर कसं होतं ते विचारलंत, लहानपणी त्यांना कुठली मैत्रीण होती ते विचारलंत. खायला जमत नव्हतं तरी अंबाडीची भाजी करायला लावलीत आणि बोटानं चाखलीत. आई स्वयंपाकघरात येऊन मला म्हणायच्या की औषधांनी बडबडे झालेत हे. आता तुम्ही गेल्यावर त्या वेगळं म्हणतात. परवाच आत्याबाईंना म्हणत होत्या की धडधाकट होते तेव्हा कधी माझ्यापाशी बसले नाहीत, आणि बसले ते वेळ जाईना म्हणून. ते ऐकून मी गॅलरीत निघून गेले.

इथवर लिहिलं आणि बेल वाजली. शब्बीरभाई आले होते. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यामुळे ते तुमच्या शेवटच्या दिवसांत येऊ शकले नव्हते, अंत्ययात्रेलाही नाही. नातवाच्या खांद्याला धरून दोन जिने चढून आले. तुमच्या फोटोसमोर बराच वेळ उभे राहिले, आईंना सलाम केला, आणि मी पाणी दिलं तेव्हा हळूच म्हणाले, "बेटी, उनकू सब मालूम था. मेरेकू फोनपे बोले."

मी विचारलं, और क्या बोले? त्यांनी पाण्याचा पेला खाली ठेवला. मी पुन्हा विचारल्यावर म्हणाले, "बोले, शब्बीर, बहू मान गई रे. मैं जीत गया. पन ऐसा नक्को था जीतना मेरेकू."

ते गेल्यावर मी स्वयंपाकघरात गेले. आई उद्याच्या स्वयंपाकाची डाळ निवडत होत्या. मी त्यांच्यासमोर खाली बसले आणि सगळं सांगितलं. जावा, चमचा, तेरावी फेरी, तुम्ही काय विचारलंत आणि मी कशी गप्प राहिले ते. तुम्हाला दिलेला शब्द मोडला, त्याबद्दल मला काय बोलायचं ते बोला. त्यांची बोटं डाळीतच होती.

मग त्या म्हणाल्या, "म्हणजे दुपारी बसायचे ते..."

"मुद्दाम बसायचे, आई. माहीत होतं म्हणून बसायचे."

तुम्ही गेलात त्या दिवशी त्या रडल्या होत्या ते चारचौघांतलं रडणं होतं. आज त्या ताट बाजूला सारून रडल्या. मी त्यांचा हात धरायला गेले तर त्यांनीच माझा धरला. मध्येच म्हणाल्या की बीदरच्या मैत्रिणीचं नाव तुम्ही दुसऱ्या दिवशी बरोबर आठवणीनं घेतलं होतंत, तेव्हाच त्यांना कळायला हवं होतं. मग पदरानं डोळे पुसले आणि जी गोष्ट त्यांनी एकवीस वर्षांत एकदाही विचारली नव्हती, ती विचारली.

"तुझ्या मते कोण जिंकतो? खरं सांग."

"टाकी."

"नक्की?"

"नक्की, आई."

"मग जा, त्यांना नीट सांग. खोट्यावर पाठवू नकोस त्यांना."

तर मामंजी, ऐका. पंधरा फेऱ्या तुमच्या. ग्लोव्हज तुमच्या काळातले, पातळ. रेफरी जुना, सहजी न थांबवणारा. सगळं तुमच्या मनासारखं घ्या. पहिल्या चार फेऱ्या सुतार नेतो, मला मान्य. पाचवीत तो टाकीची बरगडी दुखावतो, तेही मान्य. पण आत शिरला की दर वेळी टाकी त्याला कवेत घेणार आणि आपलं सव्वाशे किलोचं ओझं त्याच्या मानेवर टाकून उभी राहणार. दर फेरीत चार वेळा, पाच वेळा. याचा तुम्ही कधी विचार केला नाहीत, तुम्ही फक्त ठोसे मोजलेत. आठव्या फेरीत सुताराचे पाय जड होतात. दहावीत तो झुलायचा थांबतो आणि सरळ उभा राहतो, आणि सरळ उभा राहिला की तो त्या लांब उजव्या हातासमोर येतो. अकराव्या फेरीत तो पडतो. उठतो, जिगर आहे म्हणून उठतो. पुन्हा पडतो. तेरावी फेरी येत नाही.

मी त्या दुपारी जे म्हटलं ते मागे घेते. तुमचं चुकतंय, मामंजी.